जुना संगणक, नवे जाळे : एका सोप्या पण चुकीच्या उत्तराची तपासणी

चाकणपासून थोड्या अंतरावरच्या एका माध्यमिक शाळेत २०२५ च्या दिवाळीनंतर आम्ही विज्ञान मंडळाच्या उद्घाटनाला गेलो होतो. कार्यक्रम आटोपल्यावर विज्ञानाच्या बाईंनी आम्हांला शेजारची खोली उघडून दाखवली. टेबलांवर सात संगणक ओळीने मांडलेले, त्यांवर जुन्या चादरी घातलेल्या. जवळच्या एका कारखान्याने आपली कचेरी नवी केली तेव्हा ते शाळेला मिळाले होते. ‘चालतात का?’ आम्ही विचारले. बाई म्हणाल्या, ‘चालू होतात, पण नेटला लागत नाहीत. दुरुस्तीवाले दादा म्हणाले, म्हातारे झालेत, मोडीत घाला.’

आमच्यामागे आठवीतली एक मुलगी उभी होती. तिने विचारले, ‘सर, संगणक म्हातारा होतो म्हणजे त्याचं काय झिजतं?’

प्रश्न असा सरळ आल्यावर आम्ही गडबडलो. ‘तंत्रज्ञान पुढं जातं ना, मग जुनं मागं पडतं’ असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण परतीच्या वाटेवर तो प्रश्न काही पाठ सोडेना. बैलगाडीचा कणा झिजतो, सायकलचा टायर झिजतो. त्या खोलीतल्या संगणकांत असे काय झिजले होते, की दिवा लागतो, पडदा उजळतो, अक्षरे टाइप होतात आणि नेमके जाळ्यापाशी येऊन गाडे अडते?

हा लेख म्हणजे आम्ही दिलेल्या त्या उत्तराची तपासणी आहे. उत्तर आमच्या एकट्याचे नाही. शाळांतील धड्यांत, मार्गदर्शकांत, व्याख्यानांत आणि दुरुस्तीच्या दुकानांतही तेच ऐकू येते. हे आत्ताच तपासण्याला कारण आहे. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तोपर्यंत कामात असलेले अनेक संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातील कचेऱ्यांतून असे संगणक बाहेर पडत राहणार आणि त्यांतील काही शाळांच्या दारी येणार. ते वापरात येणार की चादरीखाली जाणार, हे आपण त्यांच्याबद्दल कसा विचार करतो यावर बरेचसे अवलंबून आहे.

पहिला दोष : तारेची व्याख्या

‘दोन किंवा अधिक संगणक एकमेकांना जोडले म्हणजे संगणकांचे जाळे तयार होते.’ या अर्थाचे वाक्य आपण सर्वांनी शिकवले आहे. त्याखाली चित्र असते : तीन-चार संगणक आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. ही व्याख्या खोटी नाही, पण ती अर्ध्यावर थांबते. मुलांच्या मनात बसते ती रेघ, म्हणजे तार. मग तार जोडूनही काम झाले नाही, की दोष यंत्राचाच, हा निष्कर्ष ओघाने येतो. नव्वदच्या दशकात ‘माहितीचा महामार्ग’ ही प्रतिमा फार गाजली. तिनेही लक्ष रस्त्यावरच खिळवून ठेवले.

चाकणच्या वाचकांना या प्रतिमेतली उणीव वेगळी समजावून सांगायला नको. पुणे-नाशिक रस्ता कारखान्याच्या फाटकापर्यंत येतो म्हणून माल आत जात नाही. ट्रक फाटकावर उभा राहतो. चालकाजवळ चलन असावे लागते, ते ठरलेल्या नमुन्यात असावे लागते, त्यावर मालाचे नाव आणि नग लिहिलेले असावे लागतात. फाटकावरचा माणूस वहीत नोंद करतो, मग ट्रक आत सोडतो. चलन भरणारा कारकून नसेल किंवा त्याने रद्द झालेल्या नमुन्यावर चलन भरले असेल, तर रस्ता कितीही रुंद असो, ट्रक परत फिरतो. तेवढ्यावरून कोणी ‘ट्रक म्हातारा झाला’ म्हणत नाही.

संगणकातला हा चलन भरणारा कारकून म्हणजे क्लायंट आज्ञावली. तिला आपण ‘मागणीदार’ म्हणू. ‘अशील’ म्हटले की वकील आठवतो आणि ‘ग्राहक’ म्हटले की दुकानाच्या पायरीवरचा माणूस. इथे तर एक आज्ञावली दुसऱ्या संगणकावरच्या आज्ञावलीकडे ठरलेल्या नमुन्यात मागणी करते आणि आलेले उत्तर आपल्या संगणकाला समजेल असे करून देते. उत्तर देणारी ती सर्व्हर, म्हणजे पुरवठादार.

हा मागणीदार काम कसे करतो?

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण जुन्या काळातच सापडते, कारण त्या काळी हा कारकून वेगळा नेमावा लागे. आज तो प्रणालीच्या पोटात असतो, त्यामुळे दिसत नाही.

नव्वदच्या दशकातील एखादी कचेरी डोळ्यांसमोर आणा. डॉसवर चालणारे संगणक आणि एका कोपऱ्यात नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर प्रणालीवर चालणारा सर्व्हर. मुळात डॉस ही एकट्या संगणकासाठी केलेली प्रणाली. तिला चकती माहीत, जाळे माहीत नाही. हजेरी किंवा हिशेब ठेवणाऱ्या आज्ञावलीलाही जाळे माहीत नाही. ती डॉसला एवढेच सांगते, ‘एफ चकतीवरची हजेरी नावाची फाइल उघड.’ आणि संगणकात एफ नावाची चकतीच नाही!

इथे मागणीदार मध्ये येतो. डॉसकडे जाणारी प्रत्येक विनंती एका ठरलेल्या दारातून जाते. नेटवेअरचा मागणीदार त्या दाराशी डॉसच्याही पुढे उभा राहतो आणि प्रत्येक विनंती वाचतो. ती ए किंवा सी चकतीबद्दल असेल तर मुकाट्याने डॉसकडे सोडतो. एफबद्दल असेल तर स्वतःकडे घेतो, सर्व्हरला समजणाऱ्या नमुन्यात मागणी लिहितो आणि ती पाकिटात घालून खालच्या आज्ञावलीकडे देतो. ती आज्ञावली पाकिटावर पत्ता घालते. तिच्याखालची आज्ञावली जाळ्याचे कार्ड चालवते आणि पाकीट तारेवर सोडते. सर्व्हरचे उत्तर याच पायऱ्या चढून वर येते आणि मागणीदार ते अशा रीतीने पुढे ठेवतो, की हजेरीच्या आज्ञावलीला वाटावे, फाइल डॉसनेच दिली.

म्हणजे तारेच्या वर तीन पायऱ्या झाल्या : कार्ड चालवणारी आज्ञावली, पत्ता घालून पाकीट पोहोचवणारी आज्ञावली आणि मागणीदार. तीनही असतील, तर जाळ्याचा गंध नसलेली जुनी आज्ञावली जाळ्यावर सुखाने काम करते. एक नसेल, तर तार सोन्याची असली तरी उपयोग नाही. किंमत मात्र मोजावी लागे. डॉसच्या ६४० किलोबाइट स्मृतीतला काही भाग या तिघी अडवून बसत आणि मग कधी कधी हिशेबाची आज्ञावलीच सुरू होत नसे.

मागणीदार बसतो कोठे?

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, आरंभी मुंबईसह चार महानगरांत. नऊच दिवसांनी, २४ ऑगस्टला, अमेरिकेत विंडोज ९५ बाजारात आले. इंटरनेटची भाषा, म्हणजे टीसीपी-आयपी हे नियम, त्यात अंतर्भूत होते. त्यापूर्वीच्या विंडोज ३.१ मध्ये ती नव्हती. ती शिकवण्याचे काम बाहेरच्या आज्ञावलीला करावे लागे. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया विद्यापीठात काम करणाऱ्या पीटर टॅटम यांनी लिहिलेली ‘ट्रम्पेट विनसॉक’ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. जगभर असंख्य लोकांनी ती वापरली, पैसे मात्र फार थोड्यांनी पाठवले.

पण ज्यांच्याजवळ त्याहूनही साधे संगणक होते त्यांचे काय? विदेश संचार निगमचे ‘शेल खाते’ अनेकांना आठवत असेल. त्यात टेलिफोनवरून निगमच्या संगणकाशी जोडणी होई आणि पडद्यावर फक्त अक्षरे दिसत. पाने दाखवणारी लिंक्स किंवा पत्रे हाताळणारी पाइन ही आज्ञावली आपल्या संगणकावर नसे, ती निगमच्या संगणकावर चाले. आपला संगणक फक्त कळा पोहोचवी आणि अक्षरे दाखवी. इंटरनेटच्या दृष्टीने मागणीदार तिकडे बसलेला होता!

या व्यवस्थेला संगणकाची शक्ती किती लागे, याचे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे २,००० अक्षरे. तारेवरून प्रत्येक अक्षरासाठी सुमारे १० बिट जातात असे धरा. सेकंदाला ९,६०० बिट वाहणाऱ्या मोडेमवरून सेकंदाला ९६० अक्षरे येतात. म्हणजे पूर्ण पडदा भरायला दोन सेकंदांहून किंचित अधिक. एवढे काम करायला अगदी जुना संगणकही पुरे.

जगातल्या पहिल्या वेबलाही हाच पेच पडला होता. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न येथे लिहिलेला पहिला ब्राउझर फक्त नेक्स्ट या महागड्या संगणकावर चालत असे आणि ते संगणक थोड्यांपाशी होते. तेव्हा निकोला पेलो या विद्यार्थिनीने केवळ अक्षरे दाखवणारा साधा ब्राउझर लिहिला. तो १९९१ मध्ये उपलब्ध झाला आणि जवळजवळ कोणत्याही संगणकावर चालत असे. लोकांना यंत्रे बदलावी लागली नाहीत, मागणीदार सोपा करण्यात आला. वेबच्या इतिहासाच्या गोष्टी सांगताना आपण हा प्रसंग सहसा गाळतो, ही आमच्यासारख्या विज्ञानलेखकांची चूकच म्हटली पाहिजे.

दुसरा दोष : वयाची प्रतिमा

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. झिजते काय?

काही भाग खरोखर झिजतात. पंख्याचे बेअरिंग झिजते, चकती खराब होते, विद्युतपुरवठ्यातील कपॅसिटर फुगतात. पण ते झिजले तर संगणक चालूच होत नाही किंवा मध्येच बंद पडतो. ‘चालू होतो पण नेटला लागत नाही’ या तक्रारीत बहुधा झिजलेले काहीच नसते. बदललेले असतात दोन संगणकांमधले करार.

गंमत अशी, की सगळे करार सारख्या वेगाने बदलत नाहीत. पाकिटावर पत्ता घालण्याचा जो नियम आपण आजही मोठ्या प्रमाणावर वापरतो, तो १९८१ साली लिहिला गेला. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने तो स्वीकारला. त्यामुळे तीस वर्षांपूर्वीच्या संगणकाने सोडलेले पाकीट आजही ओळखले जाते. उलट, मजकूर कुलूपबंद करून पाठवण्याचे नियम सतत बदलत आले. नेटस्केपने या कुलपांची सुरुवात नव्वदच्या दशकात केली. त्यांतून आलेली टीएलएस १.० ही पद्धत १९९९ ची, १.२ ही २००८ ची, १.३ ही २०१८ ची. पहिल्या कुलपांत उणिवा सापडल्या, म्हणून २०२० मध्ये प्रमुख ब्राउझरांनी १.० आणि १.१ चा वापर थांबवायला सुरुवात केली. आजची बहुतेक संकेतस्थळे जुन्या कुलपाची मागणी फाटकावरूनच परत पाठवतात. पाकीट पोहोचते, बोलणे जुळत नाही.

आणखी एक साधी गोष्ट. संकेतस्थळ आपली ओळख पटवण्यासाठी जो दाखला दाखवते, त्यावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ असे लिहिलेले असते. जुन्या संगणकातली रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी संपली, की त्याचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. मग प्रत्येक दाखला त्याला भविष्यकाळातला वाटतो आणि एकही संकेतस्थळ उघडत नाही. याउलटही घडते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेच्या दाखल्यांना पूर्वी आधार देणाऱ्या एका मूळ दाखल्याची मुदत संपली. नवे मूळ दाखले माहीत नसलेली कित्येक जुनी उपकरणे त्या दिवशी एकाएकी अडली. आदल्या दिवशी ती तरुण होती आणि दुसऱ्या दिवशी म्हातारी झाली, असे म्हणायचे काय?

‘म्हातारा संगणक’ ही प्रतिमा म्हणून सदोष आहे. ती एका यंत्राचा गुण सांगते. अडचण मात्र दोन यंत्रांच्या नात्यात असते. आणि नाते दोन्ही बाजूंनी सांधता येते. १९९१-९२ मध्ये कॅनबेरा येथील अँड्र्यू ट्रिजेल या संशोधक विद्यार्थ्याला आपला डॉसवर चालणारा संगणक युनिक्स संगणकातील फायलींशी जोडायचा होता. त्याने तारेवरून जाणारी पाकिटे निरखली, डॉसचा मागणीदार काय बोलतो ते टिपले आणि युनिक्स संगणकालाच ती बोली शिकवली. त्यातून पुढे ‘सांबा’ ही आज्ञावली उभी राहिली. जुन्याला नवे शिकवता आले नाही, म्हणून नव्याला जुने शिकवले.

भोसरीतील धडा

आमच्या पट्ट्यातील कारखान्यांना हे तत्त्व पुस्तकाविना ठाऊक आहे. भोसरी औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखान्यात आम्ही एक संगणकनियंत्रित लेथ पाहिला. त्याच्याशेजारी तितकाच जुना संगणक होता. कर्तनाच्या सूचना तो आरएस-२३२ या क्रमिक तारेने लेथला पाठवतो. कारखान्याच्या जाळ्याशी त्याचा थेट संबंध नाही. मध्ये एक नवा संगणक आहे. तो जाळ्यावरून फाइल घेतो, तपासतो आणि जुन्याकडे देतो. ‘बदलत का नाही?’ असे विचारल्यावर तिथले पर्यवेक्षक म्हणाले, ‘साहेब, याला बोलायचंय कुणाशी? लेथशी. ते तो झकास बोलतो.’

सगळा विषय त्या उत्तरात आला. त्यांनी वय विचारात घेतले नाही, काम घेतले. आमच्या प्रयोगशाळेतही एका जुन्या वर्णपटमापकाचा संगणक असाच आहे. त्याचे कार्ड नव्या संगणकात बसतच नाही. बरीच वर्षे आम्ही त्यातील मोजमापे चकतीवर घेऊन हाताने नेत होतो, कारण ‘जुना आहे, जोडता येणार नाही’ हे आम्हीही तपासल्यावाचून मानले होते. मध्ये एक संगणक ठेवल्यावर काम एका दिवसात झाले. ज्या पट्ट्यात कारखाना जुन्या संगणकाला जपून वापरतो, त्याच पट्ट्यातील शाळेला मात्र ‘मोडीत घाला’ असे सांगितले जाते, ही विसंगती आम्हांला बोचते.

तिसरा दोष : भीती आणि बेफिकिरी

इथे कोणी म्हणेल, ‘जुने संगणक जाळ्याला जोडणे धोक्याचे असते.’ आक्षेप खरा आहे, पण तोही नीट मांडला जात नाही.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. चेन्नईजवळचा रेनॉ-निस्सानचा कारखानाही त्याच्या तडाख्यात सापडला. फायली वाटून घेण्याच्या एसएमबी या नियमाच्या पहिल्या आवृत्तीतील दोषातून तो शिरत होता. लगेच बोट दाखवले गेले ते विंडोज एक्सपीकडे, कारण तिचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता. पुढे तपासात दिसले, की बाधितांपैकी बहुसंख्य संगणक विंडोज ७ चे होते. त्यांच्यासाठी दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती, ती बसवली गेली नव्हती. त्याच वर्षी २७ जूनला ‘नॉटपेट्या’ने न्हावा शेवा बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत केले. त्या विषाणूचा मूळ शिरकाव युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या नव्या सुधारणेतून झाला होता. म्हणजे नवेपण हेही कवच नव्हे. दोष करारात आणि देखभालीत असताना यंत्राच्या वयाला झोडपणे म्हणजे साप समजून भुई धोपटणे.

म्हणून ‘काही होत नाही, जोडा’ असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्या प्रणालीच्या दुरुस्त्या येणे बंद झाले तिच्यात नवे भोक सापडले, तर ते बुजवायला कोणी येणार नाही. असा संगणक थेट इंटरनेटवर सोडू नये, मुलांच्या नोंदी तर त्यावर ठेवूच नयेत. एसएमबीची पहिली आवृत्ती नव्या विंडोजमध्ये २०१७ च्या अखेरीपासून मुळात बसवलेली नसते. जुन्या संगणकाला फाइल दिसावी म्हणून नव्या संगणकावर ती पुन्हा चालू करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो देणाऱ्याने एका म्हाताऱ्याला आत घेण्यासाठी वाड्याचा मागचा दरवाजा सगळ्यांना उघडा टाकला, असे समजावे.

मुक्त आज्ञावलींच्या समर्थकांशीही आमचा थोडा वाद आहे. ‘लिनक्स टाका, सगळे जुने संगणक नवे होतील’ असे उत्साहाने सांगितले जाते. केरळने आपल्या शाळांत मुक्त आज्ञावलींचा अंगीकार करून मोठे काम केले, हे निर्विवाद. पण त्यामागे शिक्षकांचे प्रशिक्षण होते, नुसती तबकडी नव्हती. प्रणाली हलकी झाली तरी आजची संकेतपृष्ठे हलकी होत नाहीत. त्यांना स्मृती लागतेच.

यावर शेल खात्याचीच युक्ती नव्या रूपात वापरता येते. जेम्स मॅक्विलन यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रकल्प याच विचारावर उभा राहिला. एक दमदार संगणक सगळ्या आज्ञावली चालवतो आणि जुने संगणक जाळ्यावरूनच सुरू होऊन फक्त पडदा दाखवतात. मर्यादा मात्र आधीच सांगाव्यात. १,०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचा पडदा, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, म्हणजे एका चित्राला सुमारे १ कोटी ८९ लाख बिट. चलत्‌चित्रासाठी सेकंदाला २५ चित्रे धरली तर सुमारे ४७ कोटी. जुने कार्ड वाहते सेकंदाला १० कोटी. माहिती दाबून पाठवली तर ओझे कमी होते, पण ती उलगडण्याचे काम जुन्या प्रक्रियकावर पडते. म्हणून वाचन, लेखन, गणन छान चालते आणि चित्रपट अडखळतो.

त्या सात संगणकांचे काय झाले?

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा त्या शाळेत गेलो. बाई आणि मुलांनी मिळून सातही संगणक चार पायऱ्यांनी तपासले. पहिली पायरी : तार जोडल्यावर स्विचवरचा दिवा लुकलुकतो का? सातही ठिकाणी लुकलुकला. दुसरी : राउटरला ‘पिंग’ केल्यास उत्तर येते का? सातांनाही आले. म्हणजे तार आणि पत्ता, दोन्ही ठीक. तिसरी : बाईंच्या नव्या संगणकावरची सामाईक फाइल उघडते का? विंडोज ७ च्या दोघांवर उघडली, एक्सपीच्या पाचांवर नाही. चौथी : संकेतस्थळ उघडते का? कोठेच नाही. विंडोज ७ च्या एका संगणकाचे घड्याळ २००९ चा जानेवारी दाखवत होते. बॅटरी बदलून तारीख लावताच संकेतस्थळ उघडले. मुलांनी टाळ्या पिटल्या. अर्थात तो संगणकही तसाच इंटरनेटवर ठेवायचा नाही, हे त्यांना समजावून सांगावे लागले.

शेवटी ज्यांची कार्डे जाळ्यावरून सुरू होऊ शकत होती, असे चार संगणक शाळेतल्या एका बऱ्या संगणकाचे पडदे झाले. दोन संगणक इंटरनेटपासून तोडून टंकलेखन आणि तक्त्यांच्या सरावासाठी ठेवले. सातव्याची चकती खरोखरच गेली होती. तो आता विज्ञानाच्या तासाला आतील भाग दाखवायला वापरतात. त्याचा विद्युतपुरवठ्याचा डबा मात्र उघडायचा नाही, अशी ताकीद आहे. सातांपैकी झिजलेला निघाला तो हा एक. आणि चारांवर एकदम चलत्‌चित्र लावले की सगळेच रखडतात, हेही नोंदवले पाहिजे.

वर्गात काय सांगावे?

शिक्षकमित्रहो, जाळ्याच्या व्याख्येत एक वाक्य वाढवावे, एवढीच आमची सूचना आहे : संगणक जोडलेले असावे लागतात आणि त्यांतील आज्ञावलींना परस्परांचे बोलणे समजावे लागते. हे समजावण्यासाठी एक खेळ घ्या. पाच मुले उभी करा. पहिला ‘आज्ञावली’. तो फक्त म्हणेल, ‘एफवरची हजेरी दे.’ दुसरा ‘मागणीदार’. तो ठरलेल्या नमुन्यात चिठ्ठी लिहील. तिसरा चिठ्ठी पाकिटात घालून पत्ता लिहील. चौथा ‘तार’. तो पाकीट न वाचता नेऊन देईल. पाचवा ‘सर्व्हर’. तो नमुना जुळला तरच उत्तर देईल. एकदा खेळ झाला, की सर्व्हरच्या कानात हळूच सांगा, ‘आजपासून चिठ्ठीवर तारीख नसेल तर परत पाठव.’ पुन्हा खेळा. चिठ्ठी परत येईल. मग मुलांना विचारा, म्हातारे कोण झाले? त्यांची उत्तरे ऐकण्यासारखी असतात. कोणी सुचवते, मागणीदाराला नवा नमुना शिकवू. कोणी म्हणते, मध्ये एक माणूस ठेवू. कोणी म्हणते, सर्व्हरने जुनाही घ्यावा. मग वर्गातच वाद होतो, की असे केले तर खोटी चिठ्ठी कोण अडवणार? अभियंत्यांचे सगळे वाद त्या पाच मुलांत होऊन जातात.

आठवीतल्या त्या मुलीला आम्ही दुसऱ्या भेटीत उत्तर दिले, ‘काही झिजलं नव्हतं. बोलण्याचे नियम बदलले आणि यांना कोणी सांगितले नाहीत.’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मग सर, सांगायचं होतं कुणी?’

या प्रश्नाचे उत्तर एकट्या संगणकशास्त्रात नाही. ज्या कारखान्याने संगणक दिले त्याने सोबत एक माणूस दोन दिवस दिला असता, तर उत्तर तिथेच मिळाले असते. यापुढे कोणी शाळेला जुने संगणक देऊ केले, तर मुख्याध्यापकांनी आभार मानतानाच विचारावे : यांना कोणाशी बोलता येते, कोणाशी येत नाही आणि शिकवायला तुमच्याकडून कोण येणार?